नमस्कार परत कसा येतो

देवळीच्या बसस्थानकावर वर्ध्याची गाडी रिकामी होत असते, तेव्हा नुसतं उभं राहून ऐकावं. फेटा बांधलेला म्हातारा ‘रामराम’ घालतो. भजनाच्या मंडळातला कोणी छातीशी हात जोडून ‘जय गुरुदेव’ म्हणतो. दोन मास्तर एकमेकांना ‘जय भीम’ करतात. कोणी ‘जय सेवा’ म्हणतं, कोणी ‘दंडवत प्रणाम’, आणि पानठेल्यावरून एखादा ‘सलाम आलेकुम’ही येतो. नाव, गाव, आडनाव काही विचारायच्या आधीच कोण कुठल्या मंडळीतलं, कोण कोणाला आपलं मानतं, कोण कोणाला बिचकून आहे, हे त्या दोन शब्दांत आणि हाताच्या ठेवणीत कळून चुकतं. बोलणं तर अजून सुरूही झालेलं नसतं.

हे पुस्तक त्या सुरू न झालेल्या बोलण्याबद्दल आहे. हात जोडणं, वाकणं, पदर सावरणं, बाजेवरून उठणं, सतरंजीच्या कडेला बसणं, कुंकू लावणं, पाणी हातात देणं आणि पाणी वरून ओतणं, असल्या खुणांनी माणसं एकमेकांची जागा सांगतात. देवळी आणि आसपासच्या गावांत पाहिलेल्या, ऐकलेल्या अशा खुणा पुढच्या पानांत आल्या आहेत.

देवळीच का, असं कोणी विचारेल. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव धड शहर नाही आणि आडगावही नाही. कापूस, तूर, सोयाबीन, नगरपरिषद, बाजूला एमआयडीसी. सालगडी आणि कारखान्यातला कामगार एकाच हॉटेलात चहा पिताना दिसावेत असं गाव. पण खरं कारण वेगळं आहे. महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी माणसांच्या नमस्काराची रीत बदलायचा जाणून-बुजून प्रयत्न केला, त्यांतले बरेचजण या गावाच्या चहूबाजूंनी होऊन गेले. गांधींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार याच जिल्ह्यात. तुकडोजी महाराजांची मोझरी वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात. महानुभावांचं रिद्धपूरही तिकडेच. दीक्षाभूमी नागपुरात. इतक्या थोड्या अंतरात इतके नमस्कार क्वचितच सापडतील.

हे सगळं वाचताना एकच गोष्ट बघावी, असं माझं सांगणं आहे. नमस्कार कसा केला यावर फार डोळा ठेवू नये. तो परत कसा आला ते बघावं. ‘रामराम’ला ‘रामराम’ आला तर दोघं एका पायरीवर. ‘रामराम’ला नुसती मान हलली तर एक पायरी वर आणि एक खाली. वाकलेल्या डोक्यावर हात आला तर तिथं नातं आहे, आणि वाकलेल्या माणसाकडे न बघता पुढचं बोलणं चालू राहिलं तर तिथं मालकी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ साली आदराच्या रीतींवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी रुग्णालयातलं उदाहरण दिलं आहे. डॉक्टर नर्सला सरळ नावानं हाक मारतात, नर्स मात्र डॉक्टरांशी अदबीनंच बोलते. आपल्या भागात मालकानं ‘अबे’ म्हणायचं आणि गड्यानं ‘हो जी’ म्हणायचं, यात तोच सगळा निबंध आला.

बरोबरीची खूण कशी असते ते बघायचं तर आखाड्यात जावं. देवळीला कुस्तीचा नाद जुना. २०१४ आणि २०१९ असे दोन वेळा वर्ध्याचे खासदार झालेले रामदास तडस हे इथलेच पैलवान. कुस्ती लागण्याआधी दोघं पैलवान माती उचलतात, एकमेकांच्या हाताला हात लावतात. त्या क्षणी कोण कोणाच्या शेतावर राबतो आणि कोणाच्या घरी किती एकर, याला किंमत नसते. वस्तादाच्या पायाला हात लावताना तोच पैलवान पार वाकतो, आणि समोरच्यापुढे शड्डू ठोकताना छाती काढतो. पाच मिनिटांत एका माणसानं तीन नाती निभावली, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

घरात शिरलं की मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो. वयानं लहान असलेल्यानं मोठ्याच्या पाया पडावं, एवढं सरळ ते नाही. वऱ्हाड-नागपूरकडच्या पुष्कळ घरांत मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात. पंचेचाळिशीतला, मिशा पिकलेला मामा आणि दहावी नापास भाचा, आणि वाकतो तो मामा. भाच्याला लाज वाटते, तो पाय मागं घेतो, आजी त्याला दटावते की घे, मान आहे तुझा. बहीण ज्या घरी दिली त्या घराचा मान तिच्या लेकराच्या पायाशी येऊन ठेपतो. जावयाचंही तसंच. अधिक मासात त्याला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, आणि तो रुसला तर अख्ख्या घरानं त्याच्या मागं लागायचं. जावयाच्या रुसण्यावर आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले. मला ते कधीच पूर्ण विनोदी वाटले नाहीत, कारण साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासून, सुरू झालेली ही एकाच बाजूनं वाकण्याची सवय बहुतेक वेळा मुलीच्या बापाच्या पाठीत कायमची बसते. व्याहीभेटीत दोन्ही व्याही उराउरी भेटतात खरे, गुलाल लावतात, नारळ बदलतात. त्या दोन मिनिटांपुरती बरोबरी असते.

पदराबद्दल थोडं थांबून लिहितो. दुपारी चारच्या सुमारास ओट्यावर बायका तूर निवडत बसलेल्या असाव्यात. गप्पा मोकळ्या, आवाज मोठे. गल्लीच्या टोकाला एकीचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, वळताना दिसतो. कोणी कोणाला सांगत नाही. त्या एकीचा हात सुपातून उठतो, पदर डोक्यावर येतो, पसरलेला पाय आत घेतला जातो, आवाज अर्ध्यावर येतो. तिच्या शेजारची तिची नणंद, गावचीच लेक. तिचा पदर खांद्यावर आहे तसाच राहतो, आणि ती भावाला मोठ्यानं विचारते, “कुठून आला भाऊ?” भासरा खाकरतो, नजर समोर ठेवून निघून जातो. हे सगळं दहा-बारा पावलांत आटोपतं. गावात नव्यानं आलेल्या माणसाला त्या ओट्यावरची सून कोण आणि लेक कोण, हे विचारायची गरज उरत नाही. भासऱ्याचं ते खाकरणं हीही खूण आहे. ‘मी येतोय, सावरून घ्या’ असं तो सांगतो, आणि नजर न टाकणं हा त्याच्या बाजूचा मान. म्हणजे परतफेड इथंही होते, पण काम सारं एकीलाच. आता पुष्कळ घरांत हा पदर गेला. नोकरीवर जाणारी सून पंजाबी ड्रेसमध्ये भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून स्टँडवर येते. तरी सणाच्या दिवशी ओढणी डोक्यावर येतेच.

गावाच्या पातळीवर मानाचा सगळ्यांत मोठा दिवस म्हणजे पोळा. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या मानपानानं गाव कसं बांधलेलं आणि कसं अडकलेलं होतं, हे त्यात वाचायला मिळतं. पोळ्यात ते बांधलेलं गाव रांगेत उभं राहिलेलं दिसे. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकायचं आणि उद्या जेवायला या, असं त्याला रीतसर आवतण द्यायचं. जनावराला आवतण देण्यामागची अदब मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, शिंगांना रंग, आणि तोरणाखाली जोड्यांची रांग. झडत्या म्हटल्या जातात, एकमेकांना टोमणे बसतात, मानाची जोडी आधी निघते. कोणाची जोडी आधी आणि कोणाची नंतर, यावरून गावोगाव भांडणं झाली, डोकी फुटली. बैलांना त्याचं काही नव्हतं.

तोरण तुटलं की जोडी दारी येते. घरधनीण बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, पुरणपोळी भरवते. कासरा धरून उभा असतो तो सालगडी. गुढीपाडव्याला ज्याचं साल ठरलं, ज्यानं वर्षभर त्या बैलांच्या मागं चालून जमीन उलटवली, तो. त्या दिवशी त्याला नवे कपडे, बोजारा म्हणजे पोळ्याची बक्षिसी, आणि घरच्यांच्या पंगतीत पान. इथं बघायचं ते पान कुठं वाढलं. काही घरांत मालकाच्या शेजारी, काही घरांत त्याच ओळीत पण दोन हात सोडून, काही घरांत ओसरीवर. पुरणपोळी तीच, तूप तेच. गड्याला बैलाबरोबर मान मिळतो, हे कौतुकानं सांगणारे पुष्कळ आहेत; बैलाबरोबरच मिळतो, हे सहसा सांगत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर पैसे ठेवतात. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी नावाजलेला आहे. मान द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा, याची शिकवणी पोरांना तिथं मिळते. आता खऱ्या पोळ्यात जोड्या कमी आणि ट्रॅक्टरला हार जास्त, अशी वेळ आली आहे. ट्रॅक्टरचा खांदा शेकता येत नाही, ही अडचण मात्र कोणी सोडवलेली नाही.

या पुस्तकातलं सगळ्यांत अवघड प्रकरण पाण्याचं आहे. ओंजळ ही किती साधी खूण. दोन हात जवळ आणले, थोडे वाकलो, झालं. देवाचं तीर्थ ओंजळीत घेतो, झऱ्याचं पाणी ओंजळीनं पितो. पण तीच ओंजळ पिढ्यान्पिढ्या दलित माणसाला दुसऱ्याच्या दारात, पायरीखाली उभं राहून धरावी लागली. वरून कोणीतरी गडवा तिरपा करायचा, धार सोडायची, भांडं हाताला लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं. पाणी कोपरावरून ओघळायचं, सदरा भिजायचा, आणि धार कधी थांबेल हे वरच्याच्या मर्जीवर. तहान भागवणं हे पुण्याचं काम. त्या पुण्याच्या कामातच किती खाली ढकलता येतं ते बघा. चहा आल्यावर याच अंतराची एक नवी तऱ्हा निघाली. गोठ्याच्या वळचणीला, वाशात खोचलेला कान तुटलेला वेगळा कप. प्यायचा, स्वतः धुवायचा, परत खोचायचा.

म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं, तेव्हा ती कृती सगळ्या देशाला वाचता आली. हात तेच, वाकणंही तसंच. फक्त वरून ओतणारा कोणी नव्हता. भाषण नसतं झालं तरी अर्थ पोचला असता.

नमस्काराचीही तीच कथा. महारानं वरच्या जातीच्या माणसाला लांबून ‘जोहार’ घालायचा, ही जुनी रीत. तो जोहार चोखोबांच्या अभंगात आहे, एकनाथांच्या भारुडांत आहे. त्याला जोहारानं उत्तर यायचं नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ केला. मुसलमान बांधवांच्या सलामाला जसं लगेच उलट सलामानं उत्तर मिळतं, तसं आपलंही असावं, म्हणून ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असं उत्तर त्यांनी सुचवलं होतं. पुढं दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिलं. नवा शब्द देताना त्याचं उत्तरही आधी ठरवणारा हा माणूस नमस्काराचं मर्म ओळखून होता, असं मला वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपूरहून परतलेल्या माणसांनी गावोगाव हात जोडून ‘जय भीम’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा जोहाराची सवय झालेल्या कानांना तो खुपला. खुपणारच. समोरच्याकडून बरोबरीचं उत्तर मागणारा नमस्कार होता तो. गंमत अशी की गडचिरोलीपासून झारखंडापर्यंत आदिवासी बांधव ‘जोहार’ म्हणतात तो ताठ मानेनं, आणि त्याला जोहारच परत येतो.

वर्ध्यात वरच्या बाजूनंही काही हालचाल झाली. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं. गांधी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री महारोगानं झिजलेले, घरदार सुटलेले. गांधींनी त्यांना आश्रमात आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांचं अंग चोळून देत. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांसाठी संस्था काढली तीही १९३६ मधलीच. या मंडळींनी खुणेची दिशाच उलटी केली; ज्याच्या पाया पडायला लोक रांग लावत, तो दुसऱ्याचे पाय चोळत बसला. त्याचं मोल मोठं आहे. तरी देऊळ मालकानं उघडलं, हे विसरू नये. उघडणाऱ्याचा हात वरचाच राहिला. चवदार तळ्यावरची ओंजळ आणि उघडलेलं दार यांत मला फरक वाटतो, आणि निवडायचीच वेळ आली तर मी ओंजळ निवडीन.

विनोबांनी १९५७ पासून ‘जय जगत’ म्हणायला सुरुवात केली. उदात्त शब्द, पण तो बाजारात चालला नाही. पवनारच्या धाम नदीकाठी आणि सर्वोदयाच्या शिबिरांत तो ऐकू येतो. जगाला नमस्कार केला की समोरच्याला आपल्याला केला असं वाटत नाही, एवढंच असावं. तुकडोजी महाराजांचा ‘जय गुरुदेव’ मात्र गावात मुरला. सामुदायिक प्रार्थनेत सगळ्यांनी एकाच सतरंजीवर, एकाच दिशेला तोंड करून बसायचं, ही त्यांची रीत त्यामागं होती. नमस्काराला बसायची जागा जोडून दिली, म्हणून तो टिकला.

आता माझ्याच नियमाला छेद देणारी दोन उदाहरणं. हळदीकुंकू घ्या. बायकांच्या जगात इतकी चोख परतफेड दुसऱ्या कशात नाही. एकीनं लावलं की दुसरी लगेच उलट लावते. जमीनदारीण आणि मजूरबाई, दोघींच्या कपाळावरचा ठिपका सारखाच. पण हे सारं उंबऱ्याच्या आत. विधवेला त्या उंबऱ्यापर्यंतही आवतण नाही. आतली बरोबरी अशी कुणाला तरी बाहेर ठेवून उभी असते. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनी हाच कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठरावानं बांगड्या वाचतील. संक्रांतीचं आवतण ठरावानं येत नाही. ते शेजारणीनंच द्यावं लागतं.

दुसरं उदाहरण वारीचं. कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरीला निघते तेव्हा वारकरी एकमेकांच्या पायांना हात लावतात. म्हातारा पोराच्या, पोरगं म्हाताऱ्याच्या, एकदमच. दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची वेळ येते. याहून चोख बरोबरी ती काय. पण तोच म्हातारा वारीहून परतल्यावर आपल्या वाड्यातल्या गड्याच्या पायाला हात लावत नाही. खुणेला जागा लागते आणि काळ लागतो. आखाडा, वारी, दसऱ्याची संध्याकाळ, जेव्हा आपट्याची पानं देताना वैरीही उराउरी भेटतात, अशा ठरवून दिलेल्या जागांपुरती गाव बरोबरी चालवून घेतं.

निवडणुकीचा उमेदवार वर्षानुवर्षं आपला नमस्कार मान हलवून स्वीकारतो आणि महिनाभर दारोदार म्हाताऱ्यांच्या पाया पडत हिंडतो, त्याबद्दल वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही. वाचकाला ते पाठ आहे.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. प्रकरणांचा क्रम घर, गल्ली, शेत, देऊळ, कचेरी असा आहे, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. जातीची नावं जिथं टाळली तर खोटं झालं असतं तिथं घेतली आहेत. माणसांची नावं घेतलेली नाहीत. काही खुणा वाचून कोणाला जुन्या गावाची ओढ वाटेल, कोणाच्या पोटात गोळा येईल. एकाच पानावर दोन्ही होणं शक्य आहे, कारण वाकणारा आणि वाकवून घेणारा एकाच गावात राहत होते. माझा कल कोणाकडे आहे हे लपवलेलं नाही.

या संग्रहात बायकांनी सांगितलेलं पुष्कळ आहे, सालगड्यांनी सांगितलेलं त्या मानानं कमी. ते भरून काढायला मदत हवी आहे. तुमच्या गावातली अशी एखादी खूण आठवली, वेगळ्या कपाची, पंगतीतल्या पानाची, पहिल्यांदा परत आलेल्या नमस्काराची, तर ती लिहून ठेवा. गाव कोणतं, साल अंदाजे कोणतं, कोणी कोणाला केली आणि समोरून काय आलं, एवढं त्यात जरूर असू द्या.